काचेतला मळा

नारायणगावाला खेटून असलेल्या वारूळवाडीच्या पट्ट्यात द्राक्षाचं पान नुसतं पाहून वेलीला काय कमी पडलंय ते सांगणारी माणसं हवी तेवढी भेटतील. पण हौसेनं आणलेल्या फिशटँकमधली झाडं महिनाभरात कुजतात आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकची येतात. हे उगाच होतं. टाकीतली झाडं जगवणं ही शेतीच आहे, आणि शेती इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

आधी पाणी पाहावं. काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटमधून हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया कार्बन उचलतात, म्हणून त्या आपल्याकडे जोमानं वाढतात. शाळेत उन्हात ठेवून जिचे बुडबुडे दाखवले जायचे, तीच ही हायड्रिला. लालभडक रोटाला मॅक्रॅन्ड्रा पश्चिम घाटातलीच असली तरी तिला मऊ पाणी आणि वरून कार्बन डायऑक्साइड लागतो. दुकानदार कितीही गळ घालो, पहिल्या खेपेला ती घेऊ नये. पाणी नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघडं ठेवावं.

वाळू भरण्याआधी मूठभर बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, पाणी आणखी जड होणार. नाही फसफसली तर धुऊन दोन-अडीच इंचांचा थर द्या. अनुबियास आणि जावा फर्नचं हळकुंडासारखं आडवं खोड मात्र वाळूत पुरू नका, सडतं. दोऱ्यानं दगडाला बांधा. दुकानातली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टाकीत गेल्यावर त्यांची जुनी पानं गळतात, क्रिप्टोकोरिनची तर अक्षरशः विरघळतात. मुळं घट्ट असतील तर उपटू नका, नवी पानं येतात.

आता खत. चुनखडीच्या रानात द्राक्षाचा शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या दिसल्या की आपण लोह कमी म्हणतो. टाकीतही निदान तेच. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पालाश कमी. नत्र आणि स्फुरद माशांच्या विष्ठेतून मिळतं. म्हणून घरात उरलेलं १९:१९:१९ चिमूटभरही टाकू नका, त्यातलं अमोनियाचं नत्र माशांच्या जिवावर उठतं. द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाची बादलीही टाकीजवळ आणू नका. त्यातल्या मोरचुदाचं तांबं गोगलगायी आणि झिंगे मारतं.

गोगलगायीला कमी लेखू नये. १८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं काचपात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली. पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकट खाल्लं आणि पात्र टिकलं.

उजेड रोज सहा ते आठ तास पुरे. खिडकीतलं थेट ऊन पडलं की काचेवर शेवाळ चढतं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

छाटणी केलेल्या फांद्या मात्र मीना नदीत किंवा कालव्यात फेकू नका. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात फ्लोरिडात पोचलेल्या हायड्रिलानं तिथली तळी आणि कालवे भरून टाकले. तुटक्या कांडीपासूनही ती उगवते. फांद्या उन्हात वाळवा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका.