पेपर स्प्रे बॅगेत, पासपोर्ट एजंटकडे

लीड्स किंवा मँचेस्टरला शिकायला निघालेल्या मुलीची बॅग अमरावतीच्या घरी भरली जाते, तेव्हा जवसाची चटणी आणि लहान कुकर यांच्या शेजारी हल्ली आणखी एक वस्तू असते. मामाने ऑनलाइन मागवून दिलेली पेपर स्प्रेची बाटली. ही बाटली विमानात नेताच येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्रिटनच्या १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टनुसार असा स्प्रे बाळगणं हाच गुन्हा आहे. तिथे तो बंदुकांच्या कायद्यात मोडतो. स्वतःला वाचवायला निघालेली मुलगी पोलिसांच्या लेखी आरोपी व्हायची! तिथल्या मुली त्याऐवजी किल्लीच्या जुडग्याला लावायचा कर्कश अलार्म वापरतात. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

मामाचा हेतू चांगलाच आहे. पण या बाटलीतून वऱ्हाडातल्या घरांची भीती नेमकी कुठे रोखलेली असते ते कळतं. ‘एकट्या पोरीले कसं धाडाव?’ असं आजी विचारते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी गल्ली आणि अनोळखी पुरुष असतो. रात्रीच्या रस्त्याची काळजी मुलींना अमरावतीतही घ्यावी लागते आणि ती कशी घ्यायची हे त्यांना ठाऊक असतं. परदेशात भर पडते ती वेगळ्या गोष्टींची. व्हिसा कोणाच्या नावावर आहे, पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे, भाडेकरार कोणी केला, हे प्रश्न तिथे रस्त्यापेक्षा मोठे होऊन बसतात.

एकेकाळी वऱ्हाडातून परदेशी शिकायला जाणं म्हणजे पंजाबराव देशमुखांचं एडिंबरा. आज राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींतले विद्यार्थी नामांकित विद्यापीठांत जातात, त्यात मुलीही असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी उभारलेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पिढीला ही वाट दाखवतं. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या सरकारी जागेपायी कोणी किर्गिझस्तान, कझाकस्तान गाठतं, कोणी लग्न करून न्यू जर्सीला जातं, कोणी घरकामासाठी आखातात. या चौघींचे धोके एका मापाने मोजता येत नाहीत.

वैद्यकीयच्या विद्यार्थिनींचा धडा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी सुटका मोहिमेच्या काळात सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले, पण सुमी शहरातल्या जवळपास ७०० विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत वाट पाहावी लागली. मे २०२४मध्ये किर्गिझस्तानातल्या बिश्केकला जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा भारतीय दूतावासाने बाहेर पडू नका असं कळवून चोवीस तास चालणारा फोन नंबर दिला. अशा वेळी कामाला येते ती आधी केलेली नोंदणी. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्यांना नाव-पत्ता नोंदवता येतो, तक्रारही करता येते. दहा मिनिटांचं काम आहे. निरोप समारंभाला हॉल बुक करणारे पालक हे काम मात्र एजंटवर सोडून मोकळे होतात.

आखाताची गोष्ट आणखी कडवी आहे. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. म्हणजे आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. अशा पासपोर्टवर तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी ही परवानगी मिळत नाही. तिशीपुढच्या बाईलाही ठरावीक सरकारी एजन्सीमार्फतच जावं लागतं. नियम तिच्या रक्षणासाठी केला, पण एजंटने पळवाट शोधली: नोकरीचा नव्हे, फिरायला जाण्याचा व्हिसा काढायचा. विमानतळावर परवानगीचा प्रश्नच येत नाही. उतरल्यावर पासपोर्ट मालकाच्या हाती जातो आणि बाई कागदोपत्री ‘पाहुणी’ असल्याने कामगार म्हणून तिची दखलही घेतली जात नाही. २०२३मध्ये ओमानमधून पंजाबच्या अनेक स्त्रियांना सोडवून आणावं लागलं, त्यामागे हाच धंदा होता.

इथे प्रत्येक घराने एक गोष्ट पाठ करून ठेवावी. १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या १७व्या कलमानुसार पासपोर्ट ही कायम भारत सरकारची मालमत्ता असते. मालक, एजंट, नवरा, सासू, कोणालाही तो ‘सांभाळायला’ म्हणून दडपून ठेवता येत नाही.

नवरा आणि सासू मुद्दाम घेतले, कारण ‘अमेरिकेचं स्थळ’ आलं की अकोल्यात आजही चौकशी होते ती पगाराची आणि घराची. व्हिसाची फारशी कोणी करत नाही. एच-फोर व्हिसावर गेलेल्या बायकोचं तिथे राहणं नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असतं. बहुतेकींना लगेच कमावताही येत नाही. घरात मारहाण सुरू झाली, की ‘तुला परत पाठवतो’ एवढं वाक्य तिला गप्प करायला पुरतं. तिला ठाऊक नसतं, की तिथल्या तातडीच्या ९११ला फोन केला म्हणून पोलीस तिचा व्हिसा रद्द करत नाहीत, आणि न्यू जर्सीत १९८५पासून ‘मानवी’ ही संस्था छळ सोसणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांना मदत करते आहे. जर्मनीत ११६ ०१६ या क्रमांकावर अशा स्त्रियांना अनेक भाषांत मदत मिळते. युरोपीय संघात कुठेही तातडीचा नंबर ११२, ब्रिटनमध्ये ९९९.

मग मुली बोलत का नाहीत? त्याचं उत्तर परदेशापेक्षा आपल्या घरात जास्त सापडतं. घरमालक विचित्र वागला किंवा सोबतच्या मुलाने पिच्छा पुरवला असं सांगितलं, तर पलीकडून एकच वाक्य येणार हे मुलीला माहीत असतं: ‘वापस येऊन जाय.’ शिक्षण सुटेल, कर्ज डोक्यावर राहील, गावात चर्चा होईल. म्हणून ती विद्यापीठातही सांगत नाही आणि घरीही नाही. १८८३मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा पोचण्याआधीच थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार जुळलेला होता. न्यू जर्सीतल्या रोझेलला उतरायला एक घर आणि मन मोकळं करायला एक माणूस होतं. आजच्या मुलीच्या फोनमध्ये शेकडो नंबर असतात. त्यातला एक तरी असा हवा, जो ऐकून घेईल आणि लगेच विमानाचं तिकीट काढायला निघणार नाही.

परत आलेल्या विवाहितेला तर अजून एक गैरसमज गप्प करतो. छळ तिकडे झाला, मग इकडे काय होणार? सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ला रूपाली देवी खटल्यात सांगितलं, की सासर सोडावं लागलेली स्त्री जिथे आसऱ्याला येते तिथेही छळाची तक्रार करू शकते. म्हणजे माहेर अकोल्याचं असेल, तर अकोल्याचं पोलीस ठाणं तिला ‘इथे होत नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्षही आहे. तिथे जाताना नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, तिकडचा पत्ता, कंपनीचं नाव आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला जवळ असला की काम पुढे सरकतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी साखरपुड्याआधीच मागायच्या असतात. मुलाकडचे चिडले, तर त्यातूनही बरंच काही समजतं.