विश्लेषण : कॅरव्हॅनचा तळ का कुजतो? प्लाय बदलण्याआधी काय तपासावे?

विरार-जलसार रो-रो सेवा २०२५ मध्ये सुरू झाल्याने वैतरणा खाडी ओलांडून गाडीसह सफाळ्याला येणे सोपे झाले. राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच जाहीर झाले होते. केळवे, एडवणच्या किनाऱ्यावर मुक्कामासाठी जुनी कॅरव्हॅन विकत घेणाऱ्यांनी मात्र आधी पायाखाली पाहायला हवे. पावसाळी, दमट हवेत गाडीचा लाकडी तळ आतून कुजत जातो आणि वरच्या मॅटमुळे ते दिसत नाही.

तळ कुजतो कसा?

आपल्याकडे अनेक कॅरव्हॅन व्हॅन किंवा बसच्या चासीवर बांधतात. लोखंडी आडव्या पट्ट्यांवर प्लायवूड आणि त्यावर व्हिनाइल मॅट, अशी रचना असते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी वाढते. चाकांनी उडवलेले पाणी खालून लागतेच. पण अनेकदा पाणी वरून येते. छताची झडप, खिडकीचे रबर, कोपऱ्यातील सांधे, सिंकची जोडणी या त्याच्या वाटा. मॅटखाली गेलेले पाणी वाळत नाही.

ओळखायचे कसे?

चालताना तळ दबणे, कुबट वास, फुगलेली मॅट ही लक्षणे. गाडीखालून स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबावे. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे.

तुकडा बदलावा की पूर्ण तळ?

आधी गळती बंद करावी, नाहीतर नवा प्लायही कुजेल. कूज एका कोपऱ्यापुरती असेल तर टणक लाकूड लागेपर्यंत कापून तुकडा बसवता येतो. जोड मात्र लोखंडी पट्टीवरच यायला हवा. कूज अनेक ठिकाणी असल्यास पूर्ण तळ बदलणे हिताचे. कापण्याआधी खालची वायरिंग, गॅसची नळी आणि इंधनाची टाकी कुठे आहे, हे पाहावे.

साहित्य कोणते?

आयएस ७१० मानांकनाचा, पूर्वीच्याच जाडीचा मरीन प्लाय घ्यावा. कापलेल्या कडांतून पाणी सर्वाधिक शिरते, म्हणून त्यांना इपॉक्सी लावावी. पट्ट्यांचा गंज खरवडून प्राइमर द्यावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत.

धोका काय?

पलंग, कपाटे आणि काही गाड्यांत आसनेही तळाला धरून असतात. कुजलेल्या लाकडात बोल्टची पकड राहत नाही; जोरात ब्रेक लागल्यास ती उखडू शकतात. आसनांचे बोल्ट केवळ प्लायला नव्हे, चासीच्या लोखंडी सांगाड्याला कसलेले हवेत. आसनरचना किंवा सांगाडा बदलायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

काम कधी करावे?

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी होते. कॅरव्हॅनचे वेळापत्रक उलटे ठेवावे. गळती मेअखेर बंद करावी आणि तळाचे काम ऑक्टोबरनंतर काढावे. ओल्या लाकडावर नवी मॅट चढवली, तर पुढच्या पावसाळ्यात तोच खर्च पुन्हा येतो.