‘नोबडी केअर्ड’ म्हणजे बोर्ड गेला असं नव्हे

सिरियल कन्सोलवर ‘आयआरक्यू : नोबडी केअर्ड’ अशी ओळ उमटली की अनेकांचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: चिप गेली, नवा बोर्ड मागवा. बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो. एखादा भरकटलेला इंटरप्ट आला म्हणून कर्नल ही ओरड करत नाही. एका लाइनवरच्या एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणत्याच ड्रायव्हरने आपले मानले नाहीत, तरच तो ती लाइन बंद करतो. शिवाय, बेवारस इंटरप्टमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे संदेश आला, तर त्या लाइनवर अक्षरशः वादळ उठलेलं असतं.

हे वादळ बहुधा डिव्हाइस ट्रीमधल्या एका आकड्यातून उठतं. चढती कड १, उतरती कड २, वरची पातळी ४, खालची पातळी ८. सेन्सर इंटरप्ट देताना पिन खाली ओढत असेल आणि तुम्ही ८ ऐवजी ४ लिहिलं असेल, तर सेन्सर निवांत असतानाही लाइन ‘इंटरप्ट, इंटरप्ट’ म्हणतच राहते. ओपन ड्रेन पिनला पुल-अप द्यायचा राहिला, तरी असा गोंधळ होऊ शकतो.

दुसरा गैरसमज असा, की ‘स्प्युरियस’ म्हटलेलं सगळं हेच. बीगलबोन ब्लॅकवर ‘स्प्युरियस आयआरक्यू’ दिसतो, त्याचं दुखणं निराळं. तिथला कंट्रोलर कोणता इंटरप्ट आधी हे ठरवायला काही क्लॉक घेतो. तेवढ्यात लाइन खाली गेली तर हाती काहीच उरत नाही. बेल वाजली, दार उघडलं, तर बाहेर कोणी नाही! कर्नल हे दुर्लक्षून पुढे जातो. जुन्या बीगलबोर्डच्या कर्नलमध्ये तर कारणही छापून येई: पोस्टेड राइट फ्लश करा. ड्रायव्हरने इंटरप्ट पुसायला रजिस्टरमध्ये लिहिलं, पण ते बसवर वाटेतच असताना हँडलर संपला. लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचा. आधीचं लिखाण पोचल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. एका ओळीचं काम.

‘आयआरक्यूपोल’ हा इलाज नव्हे, कर्नल स्वतः सुचवत असला तरी. त्याने प्रत्येक टायमर इंटरप्टला सगळे हँडलर तपासले जातात. छोट्या बोर्डाला हा भुर्दंड आहे. त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हरमधून डोळे मिटून ‘हँडल्ड’ परत करणं. संदेश गायब होतो, वादळ तसंच राहतं आणि प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो.

लाइन बंद झाल्यावरही टचस्क्रीन अडखळत चालते, म्हणून ‘आपोआप सुधारलं’ समजू नका. कर्नल सेकंदातून दहादा त्या बंद लाइनची चौकशी करत असतो, इतकंच.

मदत मागताना प्रॉकमधली इंटरप्ट्सची यादी काही सेकंदांच्या अंतराने दोनदा घेऊन जोडा. आणि संदेशाच्या शेवटची ‘हँडलर्स’खालची नावं कापू नका, त्या लाइनवर कोणते ड्रायव्हर बसलेत, ते तिथेच लिहिलेलं असतं.