आंतरकर्ण आणि ल्युकेमिया

इ. स. १८६१ मध्ये पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. थंडीच्या रात्री घोडागाडीच्या टपावर बसून केलेल्या प्रवासानंतर ती एकाएकी ठार बहिरी झाली आणि भोवळ व वांत्या यांनी ग्रासून पाचव्या दिवशी मरण पावली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष आढळला. अर्धवर्तुळाकार नलिकांत मात्र तांबूस द्रव साठला होता. भोवळीचे मूळ कानातही असू शकते, हा मेनिएर यांचा निष्कर्ष अचूक ठरला. तथापि, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार या तरुणीस नव्हताच. तिला बहुधा ल्युकेमिया असावा व तो द्रव म्हणजे रक्तस्राव असावा, असे पुढील अनेक अभ्यासकांचे मत आहे.

हे अनुमान सयुक्तिक वाटते. ल्युकेमियात अस्थिमज्जा अपक्व पांढऱ्या पेशींनी व्यापली जाते. (फिरखोव यांनी १८४७ मध्ये योजलेल्या या ग्रीक शब्दाचा अर्थच 'श्वेतरक्त', आपल्या 'रक्ताचा कर्करोग' या पर्यायात ती खूण हरवली आहे.) रक्त गोठण्यास आवश्यक अशा रक्तपट्टिका घटतात व सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त पाझरू लागते. उलटपक्षी, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या म्हणजे रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबतात. आंतरकर्णाचा रक्तपुरवठा बव्हंशी एकाच बारीक रोहिणीवर अवलंबून असल्याने तेथे दुसरी वाट उरत नाही. क्वचित या पेशी श्रवणतंतूंतही शिरतात. श्रवणाच्या केशपेशी प्राणवायूवाचून फार काळ तगत नाहीत, आणि मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

उपचारांचाही विचार करावयास हवा. जंतुसंसर्गासाठी जेंटामायसीन वा अमिकासीन द्यावे लागल्यास केशपेशींना अपाय संभवतो, व तो प्रथम उच्च कंप्रतेच्या ध्वनींच्या जागी होतो. येथे भाषाभ्यासकाचा संबंध येतो. 'स'सारख्या घर्षक ध्वनींची ऊर्जा मुख्यतः वरच्या पट्टीत असते. त्यामुळे 'साल' व 'शाल' यांतील स्वर स्पष्ट ऐकू येऊनही आरंभीचे व्यंजन संदिग्ध राहते. 'ऐकू येते, पण कळत नाही' ही रोग्याची तक्रार म्हणूनच यथार्थ असते. घरची माणसे मात्र तिला दुर्लक्ष समजतात.

एकाएकी आलेले बहिरेपण हे ल्युकेमियाचे पहिलेच लक्षण असणे विरळा, परंतु अशक्य नव्हे. अशा वेळी कानाचा पडदा निर्दोष दिसू शकतो. म्हणून बहिरेपणाबरोबर फिकटपणा, ताप वा हिरड्यांतून रक्त येणे आढळल्यास कर्णपरीक्षेसोबत रक्तपेशींची गणना त्याच दिवशी करून घेणे अगत्याचे आहे.