बुरशीनाशक संवेदनक्षमता चाचणी

बुरशीनाशक संवेदनक्षमता चाचणी ही रुग्णाच्या किंवा जनावराच्या शरीरातून मिळालेल्या बुरशीची वाढ कोणत्या औषधाने व किती मात्रेत थांबते हे ठरवणारी प्रयोगशाळेतील चाचणी होय. यीस्टच्या पेशी सुट्या असल्याने सहज मोजता येतात. तंतुमय बुरशीचे मात्र बीजाणू वेगळे करून मोजावे लागतात. म्हणून या चाचणीसाठी अमेरिकेतील सीएलएसआय (एम३८) आणि युरोपातील युकास्ट या संस्थांनी स्वतंत्र प्रमाणित पद्धती ठरवल्या आहेत.

पद्धत

९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये आरपीएमआय १६४० हे द्रवमाध्यम घेतात. एका ओळीत औषधाची संहती खळग्यागणिक निम्मी होत जाते. बीजाणू घालून प्लेट ३५ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात. ऱ्हायझोपसचा निकाल सुमारे २४ तासांत, तर अ‍ॅस्परजिलसचा ४८ तासांत वाचतात. ज्या सर्वांत कमी संहतीत वाढ दिसत नाही, ती किमान प्रतिबंधक संहती होय. कास्पोफंजिनसारख्या औषधांत वाढ पूर्ण थांबत नाही, तंतू केवळ आखूड व झुबकेदार होतात. तेथे हा बदल ज्या किमान संहतीत दिसतो ती नोंदवतात.

निकालाचा अर्थ

केवळ आकड्यावरून औषध लागू पडेल असे म्हणता येत नाही. सीएलएसआयनुसार अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसची व्होरिकोनाझोलसाठीची संहती ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वा त्याहून कमी असल्यास बुरशी संवेदनक्षम, आणि २ वा अधिक असल्यास प्रतिकारक्षम मानतात. म्युकरवर्गीय बुरशींसाठी अशा उपचारसीमा ठरलेल्या नाहीत. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवण्यासारखी होती. या वर्गावर व्होरिकोनाझोल चालत नाही, त्यामुळे बुरशीचा वर्ग ओळखणे हेच आधी महत्त्वाचे ठरते. चाचणीची वाट न पाहता शस्त्रक्रिया व अँफोटेरिसिन बी सुरू करावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात याच औषधाच्या लायपोसोमल प्रकाराचा तुटवडा होता. शिवाय ऊतकाचा नमुना जोराने कुटल्यास या बुरशीचे नाजूक तंतू मरतात आणि चाचणीसाठी बुरशीच हाती लागत नाही.

पशुवैद्यक आणि शेती

सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकात याच आकड्यांचा प्रश्न निराळा होतो: माणसासाठीच्या सीमा माणसाला दिलेल्या मात्रेवर व त्याच्या रक्तातील औषधाच्या पातळीवर बेतलेल्या असल्याने गाय वा कोंबडीला जशाच्या तशा लावता येत नाहीत. पिलांच्या अ‍ॅस्परजिलोसिसमध्ये तर औषधापेक्षा बुरशी आलेले लिटर व खाद्य बदलण्यावरच भर असतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव परिसरात, द्राक्षावरील भुरी रोगासाठी ट्रायाझोल गटातील बुरशीनाशके फवारतात. व्होरिकोनाझोल ज्या विकरावर काम करते, त्याच विकरावर तीही काम करतात. शेतातील अशा वापरातून प्रतिकारक्षम अ‍ॅस्परजिलस निर्माण होत असल्याचा संशय प्रथम नेदरलँड्समध्ये व्यक्त झाला. टीआर३४/एल९८एच हे उत्परिवर्तन असलेले वाण भारतातही आढळल्याची नोंद दिल्लीतील वल्लभभाई पटेल छाती संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये केली. खुद्द भुरीची बुरशी मात्र जिवंत पानावरच वाढते. तिची चाचणी प्लेटमधील माध्यमात होत नाही, त्यासाठी द्राक्षाच्या पानांच्या चकत्या वापराव्या लागतात.