चौथी बाजू सोडून

तांब्याच्या तारेचं एक टोक चारही बाजूंनी खरवडायचं, दुसरं तीनच बाजूंनी. टॉर्चचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, एक चकतीचं चुंबक आणि मीटरभर तारेचं दहाएक वेढ्यांचं भेंडोळं. मोटर झाली.

संपादकांनी ‘प्राथमिक शिक्षकांचं विज्ञान प्रशिक्षण’ असा विषय दिला होता. प्रशिक्षणांचे अहवाल वाचताना मला हमखास झोप येते. म्हणून वसई–दिवा मार्गावरच्या खारबावला उतरलो आणि ही मोटर मुलांकडून करून घेणाऱ्या एका बाईंसमोर जाऊन बसलो.

मोटरीचा इतिहास थोडक्यात सांगतो. ती आपल्याकडे शाळाशाळांत पोहोचवली अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याच्या टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान प्रकल्पात गेले आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब यांतून खेळणी करू लागले. पुढे २००३ ते २०१४ ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, म्हणून तिचं नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींतला तारा आणि पुलंही. मुंबईतलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याआधीचं, १९७४ चं. जयश्री रामदास यांनी तिथे तयार केलेल्या प्राथमिक विज्ञानाच्या मालिकेत शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा मुलांचा विचार होतो, बाईंचा राहून जातो.

या बाई बारावी आर्ट्स, मग डी.एड. “दहावीनंतर माझं विज्ञान सुटलं ते सुटलंच. पंखा का फिरतो असं कुणी विचारलं, तर ‘लाइट आहे म्हणून’ सांगून पुढचा धडा काढायचे,” त्या हसत म्हणाल्या. मोटर त्यांनी आधी एका प्रशिक्षणात पाहिली होती. समोर व्यासपीठावर ती गरगर फिरली, टाळ्या पडल्या, चहा झाला. घरी येऊन केली तर ढिम्म.

त्यांच्या मते शिकणं त्या ढिम्म मोटरीपासून सुरू झालं. इनॅमल पारदर्शक असतं. तार खरवडली गेली असं वाटतं, पण वीज जात नाही. ब्लेड बदललं, टोक गुलाबीसर लख्ख केलं. मग भेंडोळं नुसतंच डुलायला लागलं, कारण आता दोन्ही टोकं चारही बाजूंनी साफ झाली होती. वीज सतत मिळाली की अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलटा पडतो आणि भेंडोळं मागे येतं. चौथ्या बाजूचं इनॅमल नेमकं तेव्हा वीज तोडतं. उरलेली फेरी झोकात पुरी होते. बाईंनी तार बदलली, तीन बाजू खरवडल्या, बोटाने टिचकी मारली.

माझ्यासमोर पाचवीतल्या एका पोराची मोटर अडली. बाईंनी हात लावला नाही. “कुठं अडलंय, बघ,” एवढंच. पोराने पिन वाकवली, भेंडोळं सरळ केलं, सेल चटका देतोय म्हणून काढून ठेवला, पुन्हा लावला. फिरली! आणि लगेच प्रश्न: “बाई, लूमच्या मोटरीला पन असंच खरवडतात काय?”

यंत्रमागांच्या भिवंडी तालुक्यात हा प्रश्न यायचाच. उत्तर ‘नाही’ असं आहे. लूमच्या मोटरीतले वेढे बाहेरच्या कवचात घट्ट बसवलेले असतात. त्यांतल्या विजेची दिशा सतत उलटसुलट होते, सेकंदाला ५० आवर्तनं. त्यातून चुंबकीय क्षेत्रच फिरतं आणि आतला भाग त्याच्यामागे ओढला जातो. खरवडायला काही नसतं. बाईंना एवढं सगळं माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत. वाइंडिंगवाल्या काकांना विचारू.” तारही त्याच दुकानातली. मला या संपूर्ण विषयात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य. ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आता अडचणी. सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक हवा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. पाचवीपर्यंत तशी अट नाही. साठपर्यंत पट असला तर शिक्षक दोन. म्हणजे बाई मोटर घेऊन बसल्या की शेजारच्या वर्गाला पाढे लिहायला द्यायचे. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुका आल्या की मतदार याद्या. तिसरीपासून असतो तो परिसर अभ्यास. त्यात मोटर नेमकी कुठे बसवायची, असं कुणी तपासणीत विचारलं तर? सेल पटकन उतरतात, ते बाई स्वतःच्या पैशांनी आणतात, कारण सादिल खर्चात आधी खडू आणि झाडू.

आणि बदली. बाईंचं नाव कधीतरी यादीत येईलच. त्यांच्या जागी येणाऱ्या शिक्षकांना तारा, पिना, चुंबकांचा डबा कपाटात मिळेल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “डेडस्टॉक रजिस्टरला लावलेला नाही. लावला तर हरवलेल्या प्रत्येक पिनेचा हिशेब द्यावा लागेल. पोरांच्या हातात मग कोण देणार?”