डॉ. आंबेडकर आणि नद्यांचे नियोजन

छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावणारी दामोदर नदी आजच्या झारखंड राज्यातून वाहत पश्चिम बंगालमध्ये उतरते आणि पुढे हुगळीस मिळते. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहू लागली, की काठचा शेतकरी भयभीत होई. म्हणूनच तिला ‘बंगालचे दुःख’ असे म्हणत. जुलै १९४३ मध्ये तिला आलेल्या महापुराने बांध फोडून गावे जलमय केली. लोहमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता यांवरील वाहतूक बंद पडली. दुसरे महायुद्ध चालू होते आणि बंगाल भीषण दुष्काळात होरपळत होता. अशा वेळी कलकत्त्याकडे जाणारे प्रमुख मार्ग तुटावेत, हे संकट लहान नव्हते.

त्या काळी पाटबंधारे व वीज हे विषय केंद्र सरकारच्या मजूर खात्याकडे असत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद म्हणून १९४२ ते १९४६ ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या खात्याची सूत्रे सांभाळत होते. संविधानाचे शिल्पकार आणि दलितांचे कैवारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु देशाच्या जलनीतीचा पाया घालणारे मुत्सद्दी म्हणून त्यांची ओळख आपणांस फारशी नसते.

पूर आला की काठावरचे बांध उंच करावयाचे, हीच जुनी रीत होती. परंतु बांधांमध्ये कोंडलेल्या नदीचा गाळ तिच्या पात्रातच साचतो, पात्र उथळ होते आणि पुढच्या पुरात बांध अधिकच जोराने फुटतात. आंबेडकरांनी ह्या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पाण्याची विपुलता ही आपत्ती नसून संपत्ती आहे. अतिवृष्टीपेक्षा पाण्याच्या तुटवड्यानेच माणसाचे अधिक नुकसान होते, असे त्यांचे मत होते. नदीच्या वरच्या भागात धरणे बांधून पाणी साठवावे, म्हणजे पुरास आळा बसेल, उन्हाळ्यात शेतीस पाणी मिळेल आणि त्याच पाण्यापासून वीजही निर्माण होईल, असा हा बहुउद्देशीय विचार होता.

ह्यात एक अडचण होती. नदीला प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. प्रांतांना मात्र त्या फार प्रिय असतात. म्हणून संपूर्ण खोरे हा एकच घटक मानून त्याचा कारभार एकाच संस्थेकडे असावा, असा आग्रह त्यांनी धरला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास त्यांनी बंगाल व बिहार ह्या प्रांतांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय केला. त्याच वर्षी ओरिसातील नद्यांविषयी कटक येथे परिषद भरली, आणि नद्यांच्या तांत्रिक अभ्यासासाठी केंद्रीय आयोगही स्थापन झाला. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अनुभव असलेल्या अभियंत्याचे साहाय्य घेण्यात आले. पुढे स्वतंत्र भारतात, १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. १९५७ साली महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले.

विजेतून उद्योग आणि उद्योगांतून दारिद्र्याचे निवारण, हे त्यांचे सूत्र होते. पण उद्योगात राबणाऱ्या माणसाचा त्यांना विसर पडला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या परिसरातील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली. १९४४ साली खाणकामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. कारखान्यातील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयकही त्यांनीच १९४६ साली मांडले.

धरणांनी सर्व दुःखे संपली, असे मात्र नाही. दामोदरच्या मूळ आराखड्यातील सर्व धरणे झाली नाहीत. पुराचा जोर ओसरला, तरी भय पुरते गेले नाही. शिवाय धरणांच्या पाण्याखाली अनेकांची घरे व शेते गेली. त्यांचे नीट पुनर्वसन करणे हेही विकासाचेच अंग होय, हा धडा देशाला फार उशिरा उमगला.

लहानपणी शाळेत ज्या मुलाला पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मुभा नव्हती, त्यानेच १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह केला. अधिकारपद लाभताच त्याच माणसाने लाखो अनोळखी शेतकऱ्यांच्या शेतांपर्यंत पाणी पोहोचविण्याचा मार्ग आखला. स्वतः सोसलेली तहान ज्याने इतरांसाठी स्मरणात ठेवली, त्याच्या हाती सत्ता हे लोकसेवेचे साधन ठरले.